फुगवून दाखवा

"दोरीवालं की बॅटरीवालं?" केतकीने एअरबॅगची दोन बिनबाह्यांची जॅकेटं माझ्यासमोर धरली. नातीला मोटरसायकलवरून स्पितीला जायचं होतं. "आजी हो म्हणाली तरच," असं तिच्या बाबाने बजावलं होतं. तिचे आजोबा मोटरसायकलवरून पडूनच गेले होते.

"बॅटरी नको. तुझा मोबाइल बघते ना मी, सदा मेलेला," मी म्हटलं. "ही दोरी काय करते?"

"तिचं एक टोक गाडीला, दुसरं जॅकेटला," दुकानदार म्हणाला. "माणूस गाडीवरून उडाला की दोरीला हिसका बसतो आणि जॅकेट फुगतं."

"मग फुगवून दाखवा. माझ्या अंगावर."

"आजी, दचकशील हं!"

"दचकू दे."

पदर खोचून मी ते चढवलं. केतकीने दोरी जोरात ओढली. फट्! पापणी मिटायच्या आत हवा माझ्या पाठीला, बरगड्यांना, मानेला घट्ट बिलगली होती. मान हलवायला गेले, तर हलेना.

त्या दिवशी ह्यांच्या डोक्याला नुसता टॉवेल गुंडाळलेला होता. मागे बसलेली मी गवतात पडले, ते दगडावर. डॉक्टर येईपर्यंत ह्यांची मान मी दोन्ही हातांनी सावरून धरली होती. माझ्या हातांना तेव्हा जे जमलं नाही, ते ही हवा क्षणात करत होती. मी आरशात बघतच राहिले.

"काढू का, आजी?"

"हेच घे," मी म्हटलं. "पण लगेच काढू नकोस. राहू दे थोडा वेळ."