काळजीचा आवाज

मानसशास्त्र शिकून, दहा वर्षं नाटकांत काम करून पूर्णिमा मोबाईल ॲप डिझाइन करू लागली. म्हाताऱ्यांना गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपला तिनं स्वतःचाच आवाज दिला. गोळी घेतली नाही, तर तो आवाज तासातासाला जास्त काळजीनं विचारी.

तेच ॲप वापरणारे, वडगावात एकटे राहणारे विणकर सिद्रामआप्पा रक्तदाब वाढून चक्कर येऊन पडले, तेव्हा ती त्यांच्या घरी गेली. गोळ्यांची पट्टी भरलेलीच होती.

"आप्पा, ॲप बिघडलंय काय?"

"न्हाय गं. गोळी घेतली की मोबाईलमधली ती दिवसभर बोलत न्हाय."

तेवढ्यात मोबाईलमधून पूर्णिमाचा आवाज आला, "आप्पा, गोळी घेतलीत ना?"

ती काही बोलणार, तोच आप्पांनी तिला हातानं गप्प केलं.

"थांब जरा. लेक बोलतीया."