अग्निरोधक कोट

सव्वा मिनिट ज्वाळा अंगावर घेऊनही कोट जसाच्या तसा! पुतळ्याच्या छातीवर थोडी काजळी होती, तीही अग्निशमन दलाच्या साहेबांनी बोट फिरवताच निघून गेली. कारखान्यात एकच जल्लोष झाला.

"बघा साहेब, अग्निरोधक म्हणजे अग्निरोधक!" मालक नाचायचाच काय तो बाकी होता. कापडाच्या ताग्यावरची छापील चिठ्ठी त्यानं साहेबांना तिसऱ्यांदा दाखवली. दलाचे दोनशे कोट शिवायचं काम होतं. आज सही झाली तर वीस बायकांच्या मशिनी वर्षभर चालणार होत्या, नाहीतर महिनाअखेर कुलूप.

कोट शिवला होता मालकाच्या वहिनीनं. मैत्रिणी तिला कोपरखळ्या मारत होत्या. "आता काय बाई, आमच्याशी बोलशील ना?"

ती हसत होती, आणि हसता हसताच तिला दिसलं. काखेतल्या शिवणीतून धुराची बारीक रेघ निघत होती.

दोरा! कापड खास मागवलं, बटणं पितळेची लावली, आणि दोरा मात्र रोजचा, खणातला. वीस वर्षांच्या सवयीनं हाताला लागला तो ओवला. चिठ्ठी कापडाची होती, दोऱ्याचा विचारच कुणी केला नव्हता.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

गप्प बसावं? कुणाला कळणार होतं! तिनं मैत्रिणींकडे पाहिलं. मग तरातरा पुढे गेली, पुतळ्याची बाही धरली आणि हिसका दिला. अख्खी बाही तिच्या हातात आली.

"वहिनी! काय केलंत हे!" मालक ओरडला. "साहेब, कापड बघा, कापडाला काहीसुद्धा झालेलं नाही!"

"कापड जळणार नाही, भावजी," ती म्हणाली. "पण आतला माणूस उघडा पडेल. दोरा साधा आहे. चूक माझी आहे."

साहेबांनी बाही उलटी करून जळकी शिवण नीट न्याहाळली आणि पेनाला टोपण लावलं.

"आठ दिवसांनी येतो. दोरा बदला," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि ताई, कोट तुम्हीच शिवा. पुढच्या वेळी पुतळा नको. मी घालून उभा राहतो."