पटकथेची जुनी युक्ती

बाबा एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले. बारा वर्षं वाट पाहून, दर्भाचा पुतळा करून त्यांचे अंत्यसंस्कार करायला आई अखेर तयार झाली. विधीच्या आदल्या दिवशी सव्वीस जानेवारी होती, म्हणून आमच्या वाशीच्या सोसायटीने भाड्याने व्हिडिओ आणून युद्धपट लावला. आईही येऊन बसली.

स्फोटात नायक गेला, तशा शेजारच्या सरोजिनीवहिनी रडू लागल्या.

मी त्यांची समजूत घातली, "अहो वहिनी, प्रेत कुठे दाखवलंय? शेवटी परत येतो बघा. पटकथेची जुनी युक्ती आहे ही."

"तुला मेलं सगळं आधीच कळतं!"

नायक परतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्याकडे बघत होती.


जिना चढताना ती म्हणाली, "गुरुजींना कळव, उद्या येऊ नका म्हणावं."