मनोऱ्याविरुद्धची साक्ष

"मेल्या, अजून उभाच आहेस?" भांडी घासता घासता शिगेआजींनी मनोऱ्याला सकाळची शिवी हासडली.

कुंपणाशी थांबलेल्या नागाओकांना बरं वाटलं. मनोरा पाडा म्हणणाऱ्यांचे ते चिटणीस. ओसाकाचं जागतिक प्रदर्शन संपून पाच वर्षं झाली होती. बाकीची दालनं केव्हाच मोडली, सूर्याचा मनोरा तेवढा छातीवरचं भलंमोठं तोंड फुगवून उभा होता. जिथे तो उभा होता, तिथलं बांबूचं बन आजींच्या घरचं. अशी साक्ष शोधूनही मिळायची नाही.

"आजी, उद्या सुनावणीला याच. हेच बोला."

"बोलेन की! बुलडोझर घालून अख्खी टेकडी भादरली मेल्यांनी. वर हे थोबाड आणून बसवलं!"

"अगदी असंच!"

"पाडाल म्हणजे किती पाडाल?"

"मुळासकट. पाया उपसून काढू, खालची मातीसुद्धा नवी घालू. पोरांना मैदान होईल."

आजींचा हात थांबला. "बनात थडगी होती आमची."

"ती तर तेव्हाच हलवली ना? सरकारी माणसांनी एकेक दगड मोजून नेला."

"मोजण्यात हुशार मेले," आजी म्हणाल्या. "येते उद्या."

बन घ्यायला आलेले साहेबलोक आजींच्या हातचा चहा प्याले होते आणि कागदावर शिक्का त्यांच्या नवऱ्याचा घेऊन गेले होते. बाईला कोण विचारतो! आजी शिव्याच देतात, काठी घेऊन धावत नाहीत, याचंच आम्हा शेजाऱ्यांना नवल वाटायचं.

सुनावणीत ठेवा-पाडाची खडाजंगी झाली. मग नागाओकांनी आजींना पुढे केलं.

"बसून बोला, आजी," अध्यक्ष म्हणाले.

"उभीच बरी. पाच वर्षं हे दळभद्री थोबाड बघून दिवस काढतेय. बघितलं की अंगाचा तिळपापड होतो माझ्या!"

सभागृह हसलं. नागाओका मान डोलावत होते.

"म्हणजे पाडायचा, असंच ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हात तर लावून बघा!" आजी कडाडल्या. "सात वर्षांच्या आतलं मूल देवाचं म्हणतात आमच्यात. पुरलं तरी त्याला दगड लावत नाहीत. माझी लेक किनू अजून तिथंच आहे, या थोबाडाच्या पायाखाली."