बारीक चाळणी

“त्या बुटांना हात लावू नकोस,” बाबा म्हणाले.

ह्योसुकने हात मागे घेतला. पायरीच्या दगडावर आईचे जांभळे बूट होते, आतून लोकर लावलेले. आई जाऊन तीन महिने झाले होते. बूट तिच्याबरोबर द्यायचे म्हणून बाबा तेव्हा हटून बसले होते. दाहिनीत रबर चालत नाही, असं सांगून ह्योसुकनेच ते घरी परत आणले होते.

“उद्या नवं वर्ष, बाबा. आज सगळे जोडे घरात घ्यायचे. रात्री भूत येतं, पायात घालून बघतं आणि बसले तर घेऊन जातं. लहानपणी तुम्हीच घाबरवायचात मला.”

“म्हणूनच राहू दे बाहेर. आणि यंदा फाटकावर चाळणी टांगू नकोस.”

चाळणी दिसली की ते भूत तिची भोकं मोजत बसतं आणि कोंबडा आरवेपर्यंत आत येत नाही. या घरात आजवर एकही वर्ष चाळणी चुकली नव्हती.

ह्योसुकने फक्त बाकीचे जोडे उचलून आत ठेवले. शहरातल्या समुपदेशक मुलीने तिला बजावून पाठवलं होतं. “सणात माणसं जास्त खचतात. त्यांचं म्हणणं खोडून काढू नका, जबरदस्तीने हसवू नका. जवळ बसा. छोटी छोटी कामं बरोबर करा.”

बाबा दोन चमचे भात खात. झोप तर नव्हतीच. सदरा खांद्यावर खुंटीला टांगल्यासारखा दिसे. डॉक्टरकडे चला म्हणून तिने तीनदा विनवलं होतं आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं, “बूट गेले की येतो.”

दोघं स्वयंपाकघरात बसून उद्याच्या सूपसाठी तांदळाच्या उकडीच्या वळकट्या चिरू लागले. इतक्यात शेजारची क्वांगसूची आई धिरड्यांचं ताट घेऊन आली.

“अगं, या चकत्या आहेत की चपलांचे तळवे?” तिने आल्याआल्या सुनावलं. “शहरात सुरी धरायलासुद्धा विसरलीस वाटतं! आणि काका, एवढं एक धिरडं संपवा, नाहीतर उरावर बसून भरवीन.”

बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला.

“बाई असत्या तर एकेक चकती मोजून घेतली असती माझ्याकडून,” ती म्हणाली. ह्योसुकच्या आईने गावच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं होतं. गावाला ती अजून ‘बाई’च होती. “आठवतं ना, सहलीला पोरं मोजायच्या? मध्येच कुणी हाक मारली की संपलं! पुन्हा एकपासून. त्या नादात एकदा बस पाऊण तास उभी होती.”

“पण मोजायला घेतलेलं तिने अर्धवट कधी सोडलं नाही,” बाबा म्हणाले आणि हसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

शेजारीण गेल्यावर ह्योसुक ओसरी पुसायला गेली. फळ्यांवर आजही ओले ठसे होते, पायरीपासून बाबांच्या खोलीपर्यंत. अनवाणी पाय, पाचही बोटं उमटलेली. आल्यापासून ती हे रोज पाहत होती. म्हणून तिने बाबांना लोकरीचे मोजे आणून दिले होते. ते मोजे बाबा दिवसरात्र घालून असत, तरी ठसे उमटतच होते. काढून हिंडत असणार बर्फात, तिला वाटलं. ओरडून काय उपयोग?

तिला खरी काळजी उद्याची होती. सकाळी बूट तिथेच दिसणार. आई आलीच नाही म्हणून बाबा पार मोडून पडणार. बूट आपणच लपवावेत, असंही मनात येऊन गेलं, पण तशी फसवणूक तिच्या जिवावर आली. मग तिला दुसरं सुचलं. दिवेलागणीला बाबा कलंडले, तेव्हा तिने पिठाची चाळणी फाटकाला बाहेरच्या बाजूने टांगली. ओसरीवरून दिसली नसती. सकाळी सांगता आलं असतं, आई आली नाही असं नाही बाबा, माझ्या चाळणीने अडवलं.

तिला त्या रात्री शांत झोप लागली.

कोंबड्याच्या आरवण्याने ती उठली. बाबा ओसरीवर बसले होते. बूट जागेवर होते, आत भुरभुर बर्फ साठलेलं. ओसरीच्या फळ्या कोरड्या होत्या.

“काल आलीच नाही,” बाबा म्हणाले.

ह्योसुक त्यांच्याजवळ टेकली. “चूक माझी आहे, बाबा. मी फाटकाला चाळणी टांगली होती. तिच्यामुळे राहिली असेल.”

बाबांनी मान वळवली. “कुठली चाळणी?”

“पिठाची.”

“ती बारीक?” बाबांनी फाटकाकडे पाहिलं. “अगं, रोज येते गं ती. अनवाणी. गारठलेले पाय माझ्या पांघरुणात घालते आणि रडते, परत एवढं चालवत नाही म्हणते. वर्षातून या एकाच रात्री बूट नेता येतात. ते घालून एकदाची जाईल, सुटेल, म्हणून ठेवले होते मी. तिला परत आणायला नव्हते ठेवले.”

ह्योसुकने त्यांचा हात हातात घेतला. वाद घालायचा नाही. हात बर्फासारखा होता.

“काढते मी चाळणी,” ती हळूच म्हणाली आणि अंगणात उतरली.

रात्री पडलेल्या ताज्या बर्फात फाटकापर्यंत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. उजाडलं होतं, कोंबडा केव्हाच आरवून गेला होता. फाटकाच्या फळीपलीकडून कुणीतरी बारीक, थकलेल्या आवाजात बोलत होतं, पाढे म्हणावेत तसं.

“...नऊ हजार चारशे सहा. नऊ हजार चारशे सात.”

“आई!” ह्योसुकच्या तोंडून निघून गेलं.

आवाज थांबला. मग एक लांब सुस्कारा.

“एक,” पलीकडून आलं. “दोन. तीन.”