आतून आलेली ठकठक

झऱ्यांच्या सणाला साबिडियाने कुंडात फुलांची माळ सोडली आणि बोगद्याच्या तोंडाशी दगडाला कान लावला.

रोमला पाणी नेणारा हा बोगदा डोंगराच्या दोन्ही अंगांनी खणला होता. आतले कारागीर दगडावर ठोकायचे आणि समोरून उत्तर आलं, की त्या दिशेनं खणायचे. गेल्या वर्षी खणताना अचानक झरा फुटला आणि तिचा नवरा रुफियो आतच राहिला.

आज आतून ठकठक आली.

“वहिनी, उत्तर देऊ नकोस!” नणंद तर्तुला किंचाळली. “दादा गेलाय गं!”

“जातोय कुठं? वाट चुकलाय मेला.”

साबिडियाने बोटातली अंगठी काढून दगडावर ठोकली.

ठकठक थांबली. मग छिन्नी चालू लागली, तिच्याच दिशेनं. कुंडाचं पाणी दगडाच्या भुकटीनं पांढरं झालं.

तो पुन्हा चुकू नये, म्हणून ती ठोकतच राहिली.