सुईनंतरचं खोबरं

पहिल्या सुईला भुऱ्या कुत्रा डॉक्टरांना चावलाच होता. मिलकाबाईंनी त्याला महिनाभर शिकवलं: पंजा पुढे करायचा, हलायचं नाही, सुई निघाली की खोबरं; आधी मागितलं तर मूठ बंद. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं करायच्या मलिद्यासाठी बहिणीनं ठाण्याहून धाडलेलं खोबरं त्याच्यापायी संपत आलं. बासष्ट साली इस्रायलला, किर्यात मलाखीत आल्यापासून मुलं हिब्रूतच बोलत. मराठी ऐकायला तोच उरला होता. आज डॉक्टरांनी त्याच्या पोटातली गाठ चाचपली आणि सुईत निराळंच औषध भरलं. “बाई, खाऊ आज आधीच द्या. नंतर तो उठायचा नाही.” बाईंनी शेवटचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला. “आज अगोदर खा, राजा.” भुऱ्याची लाळ गळली, शेपूट हललं, पण तोंड न लावता त्यानं पंजा पुढे केला. सुई निघताच बाईंनी तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला. तुकडा तिथेच राहिला.